साधी गाठ, पण अडचणीच्या जागी

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांकडे सरकला की डोकेदुखीचं कारण शोधायला कोणी लांब जात नाही. ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल, नाहीतर चष्म्याचा नंबर वाढला असेल. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी खरं निघतं, त्यामुळे या उत्तरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. अडचण होते ती उरलेल्या थोड्या माणसांची. त्यांचं डोकं पहाटे दुखतं, वाकलं की ठणकतं, उलटी झाली की जरा हलकं वाटतं आणि चार-सहा महिने ती पित्ताच्या गोळ्या खात राहतात. मग कधीतरी सीटी स्कॅन होतो. कागदावर ओळ येते: तिसऱ्या व्हेंट्रिकलमध्ये कोलॉइड सिस्ट, बिनाइन. घरचे अर्थ विचारतात, डॉक्टर सांगतात ‘कॅन्सर नाही’, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

तो निःश्वास अर्धाच टाकावा, एवढं सांगण्यासाठी हा लेख.

गाठ कॅन्सरची नाही ही बातमी चांगलीच आहे. ती शरीरात पसरणार नाही, मेंदूत मुळं रोवणार नाही. पण मेंदूच्या पोकळ्यांमध्ये गाठ कुठे बसली आहे याला फार महत्त्व असतं. मेंदूच्या आत अशा चार पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल, आहेत. डाव्या-उजव्या बाजूला दोन मोठ्या, मध्ये चिंचोळी तिसरी आणि खाली मागच्या बाजूला चौथी. त्यांच्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होतो. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर. मात्र मेंदू आणि मणका मिळून एका वेळी हा द्रव असतो 150 मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे जुनं पाणी रक्तात शोषलं जातं, नवं येतं आणि दिवसातून तीन-चार वेळा सगळं बदलतं. बाजूच्या पोकळ्यांतलं पाणी तिसरीत उतरायला दोन बारीक छिद्रं आहेत. कोलॉइड सिस्ट तिसऱ्या पोकळीच्या छताला, नेमकी या छिद्रांच्या तोंडाशी असते. पांझरा नदीकाठच्या फडात पाटाच्या अरुंद तोंडाशी ढेकूळ अडकलं तर मागे पाणी तुंबून बांध फुटतो. ते ढेकूळ केवढं होतं हे नंतर कोणी मोजत बसत नाही. कवटीला तर फुटायलाही जागा नसते. पाणी तुंबतं, दाब चढतो आणि मेंदू दबत जातो. आपल्याकडे ‘मेंदूत पाणी झालं’ म्हणतात ते हेच. डॉक्टर त्याला हायड्रोकेफॅलस म्हणतात.

ही गाठ म्हणजे पातळ आवरणाची पिशवी. आत जेलीसारखा, कधी घट्ट मेणासारखा पदार्थ. मूल पोटात घडत असताना मागे राहिलेल्या पेशींतून ती तयार होते असं मानलं जातं, म्हणून ‘मी काय खाल्लं, काय चुकलं’ हा प्रश्न इथे गैरलागू आहे. त्रास बहुधा वयाच्या 20 ते 50 वर्षांत सुरू होतो. मेंदूतल्या सगळ्या गाठींत हिचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आतलाच. वॉलमन या डॉक्टरने 1858 साली तिचं पहिलं वर्णन केलं आणि अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी 1921 मध्ये ती पहिल्यांदा शस्त्रक्रियेने काढली. सीटी स्कॅन येईपर्यंत मात्र कितीतरी रुग्णांच्या बाबतीत खरं कारण शवविच्छेदनातच कळायचं. आज तालुक्याच्या रुग्णाला जिल्ह्याच्या गावी काही मिनिटांच्या स्कॅनमध्ये ते कळू शकतं. स्कॅन करायची वेळ आली आहे हे ओळखायला हवं, इतकंच.

कोणती डोकेदुखी वेगळी समजायची

या गाठीची डोकेदुखी अनेकदा झटक्यात येते, कपाळाच्या बाजूला जोरात दुखतं, काही मिनिटं किंवा काही तास टिकतं आणि आपोआप ओसरतं. डोकं कसं ठेवलं आहे यावर ती कमी-जास्त होऊ शकते. खाली वाकल्यावर, खोकल्यावर, केळीचा घड खांद्यावर घेताना जोर लावल्यावर वाढू शकते, आणि स्थिती बदलली की बरं वाटतं. पण सगळ्यांना हे असं पुस्तकी घडत नाही. कित्येकांचं डोकं नुसतंच रोज दुखतं. म्हणून एकच खूण धरून बसू नये. आधी नसलेली डोकेदुखी सुरू झाली, आठवड्यागणिक वाढत गेली, झोपेतून जागं करू लागली आणि सोबत उलट्या होऊ लागल्या, तर पित्ताची गोळी बाजूला ठेवून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं.

दुसरी खूण लोकांना फार कमी माहीत आहे. चालता चालता पायातलं बळ एकदम जातं आणि माणूस गुडघ्यावर कोसळतो. शुद्ध मात्र जात नाही. क्षणात उठून तो पुन्हा चालू लागतो. घरचे म्हणतात, चक्कर आली असेल, उपास होता. काही गावांत याला फिट समजतात, कुठे बाहेरची बाधा समजून उतारा टाकतात. उतारा ज्याला टाकायचा त्याने टाकावा, माझं त्यावर भांडण नाही. स्कॅन मात्र त्यासाठी थांबवू नये.

वयस्कर माणसांत चित्र आणखी फसवं असतं. डोकं फारसं दुखतच नाही. चाल बदलते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही आणि कालचं आज आठवत नाही. दुकानाची उधारी तोंडपाठ असणारे आजोबा दोनदा पैसे मागू लागतात. ‘आता वय झालं’ म्हणून हे सोडून दिलं जातं. पाणी तुंबल्यामुळे आलेला विसराळूपणा वेळेवर उपचार झाले तर बराच सुधारू शकतो, वयामुळे आलेला तसा सुधारत नाही. हा फरक स्कॅनशिवाय कळणार नाही.

खेड्यातल्या वाचकांसाठी एक सोपा मार्ग आहे. मेंदूविकारतज्ज्ञ जवळ नसतील तर नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि ‘डोळ्याचा पडदा तपासा, नसेवर सूज आहे का बघा’ असं स्पष्ट सांगा. कवटीत दाब वाढलेला असेल तर डोळ्यामागच्या नसेच्या टोकाला सूज दिसू शकते. डोळ्यात औषध घालून केलेली ही तपासणी स्वस्त आहे. सूज दिसली तर त्याच दिवशी स्कॅन करायचा. सूज नसली म्हणून मात्र पूर्ण निर्धास्त होता येत नाही. दाब अचानक वाढला तर सूज यायला वेळ लागतो.

धावपळीची वेळ

या गाठीची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ती कधी कधी इशारा न देता वाट पूर्ण बंद करते. आदल्या दिवशी बाजारहाट केलेला माणूस दुसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो, आणि काही तासांत जीवही जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. आणि बऱ्याचदा त्याच्या आधीच्या दिवसांत डोकेदुखी वाढलेली असते. म्हणून गाठ माहीत असलेल्या माणसाचं डोकं नेहमीपेक्षा जास्त दुखू लागलं, वारंवार उलट्या झाल्या, तो पेंगू लागला, असंबद्ध बोलू लागला, एकाचे दोन दिसू लागले किंवा एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी वाटली, तर सकाळची वाट पाहू नये. ‘झोपू द्या, दमलाय’ हे अशा वेळी म्हणू नये. झोपेची किंवा गुंगीची गोळी तर मुळीच देऊ नये, कारण मग पेंग आजाराची की औषधाची हे डॉक्टरांनाही कळत नाही.

108 वर फोन करा. गाडी येईपर्यंत डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवा, मान सरळ ठेवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणीही घालू नका. कुठे जायचं हा प्रश्न मात्र रात्री दोन वाजता सोडवायचा नसतो. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एसीपीएम आहे, शिवाय दोन्ही शहरांत खासगी रुग्णालयं आहेत. यांपैकी तुमच्या जवळच्या ठिकाणी फोन करून दोन प्रश्न आजच विचारून ठेवा: रात्री सीटी स्कॅन होतो का, आणि न्यूरोसर्जन रात्री येऊ शकतात का? पाटी मोठी आहे म्हणून उत्तर होकारार्थी असेलच असं नाही.

आपल्याकडे रेफर होणं म्हणजे जळगावहून अजिंठ्यामार्गे किंवा धुळ्याहून कन्नड घाटातून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नाहीतर आग्रा महामार्गाने नाशिक किंवा मुंबईला जाणं. कोणताही रस्ता धरला तरी काही तास गेलेच. पेंगणाऱ्या रुग्णाला तसाच उचलून लांबच्या गाडीत घालणं धोक्याचं आहे. जवळ न्यूरोसर्जन असतील तर कवटीला छोटं छिद्र पाडून पोकळीत बारीक नळी घालता येते आणि तुंबलेलं पाणी बाहेरच्या पिशवीत काढता येतं. ही गाठ काढण्याची शस्त्रक्रिया नाही. या नळीने जीव वाचवायला वेळ मिळतो. मग सावकाश मोठ्या ठिकाणी जाता येतं. हे शक्य नसेल तर निघण्याआधी श्वासाची व्यवस्था आणि मेंदूतला दाब उतरवणारं औषध याबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि पुढच्या रुग्णालयाला फोटोसह आधी कळवायला सांगा. स्कॅनची फिल्म सोबत घ्याच. नुसता रिपोर्टचा कागद सर्जनला पुरत नाही. आणखी एक: वाट बंद झालेली असताना पाठीतून पाणी काढण्याची तपासणी जीवघेणी ठरू शकते. मेंदूज्वराच्या शंकेने ती करायची ठरली, तर ‘यांना मेंदूत गाठ आहे’ हे आधी मोठ्याने सांगा.

गाठ सापडली, त्रास काहीच नाही

आता एमआरआय सेंटरं वाढली आहेत, त्यामुळे अपघातात डोक्याला मार लागला म्हणून स्कॅन केला आणि भलतीच गाठ दिसली असं पुष्कळदा होतं. अशांनी घाबरून लगेच ऑपरेशन टेबलावर जाऊन पडायची गरज नसते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्रास नसलेल्या 68 रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. पहिल्या पाच वर्षांत कोणाचीही प्रकृती गाठीमुळे बिघडली नाही आणि दहा वर्षांत बिघडण्याचं प्रमाण सुमारे 8 टक्के निघालं. हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते निवडक रुग्णांचे आहेत. सर्जन निर्णय घेताना वय, डोकेदुखी आहे का, गाठ 7 मिलिमीटरपेक्षा मोठी आहे का, एमआरआयमध्ये ती कशी चकाकते आणि छिद्राच्या किती जवळ आहे हे सगळं पाहतात. तरुण माणूस, 1 सेंटिमीटरच्या पुढची गाठ आणि डोकेदुखी असं जुळून आलं तर थांबायला सहसा कोणी सांगत नाही. पोकळ्या फुगलेल्या असतील तर चर्चाच नको.

लक्ष ठेवायचं ठरलं, तर ते खरोखर ठेवावं लागतं. सहसा सहा महिने ते वर्षाने एमआरआय पुन्हा करतात आणि काही बदल नसेल तर पुढे अंतर वाढवतात. आपल्याकडे पहिला एमआरआय होतो, दुसरा होत नाही. पिकाचा पैसा आला की बघू म्हणता म्हणता कापसाचे दोन हंगाम निघून जातात. दरवेळी शक्यतो त्याच सेंटरवर जा आणि जुनी फिल्म न्या, म्हणजे मिलिमीटरची तुलना खरी होते.

गाठ वितळवणारी गोळी नाही. आयुर्वेदिक, होमिओपॅथी किंवा ॲलोपॅथी, कोणत्याही नावाने तसा दावा कोणी केला तर पैसे खिशातच ठेवा.

काढायची असेल तर दोन मुख्य मार्ग आहेत. एकात कवटीची छोटी खिडकी उघडून, मेंदूच्या दोन अर्ध्या भागांच्या मधून किंवा पुढच्या भागातून सूक्ष्मदर्शकाखाली गाठीपर्यंत पोचतात. दुसऱ्यात लहान छिद्रातून दुर्बीण घालून आतला पदार्थ शोषून घेतात आणि आवरण सोडवतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात जखम लहान, घरी लवकर जाता येतं. पण आवरणाचा तुकडा मागे राहण्याची आणि गाठ पुन्हा भरण्याची शक्यता उघड्या ऑपरेशनपेक्षा थोडी जास्त असते. माझ्या मते रुग्णाने ‘कोणती पद्धत आधुनिक?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुम्ही स्वतः यातली कोणती जास्त वेळा केली आहे?’ असं विचारावं. गाठीला लागूनच स्मरणशक्तीशी संबंधित तंतूंचा जुडगा जातो. त्याला धक्का लागला तर ऑपरेशननंतर काही काळ, क्वचित कायम, नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे नातेवाइकांनी ऐकलेलं असावं. रक्तस्राव, संसर्ग आणि फिट हे धोकेही आहेत. तरी अनुभवी हातात ही गाठ पूर्ण निघाली, तर तो माणूस पुढे नेहमीसारखं आयुष्य जगतो.

तिसरा मार्ग शंटचा: पोकळीतून पोटापर्यंत कातडीखालून नळी टाकायची आणि पाणी तिकडे वळवायचं. गाठ तिथेच राहते. खूप वय झालेल्या किंवा मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्या रुग्णाला हा पर्याय चांगला आहे. मात्र नळी तुंबू शकते, तिच्यात जंतू शिरू शकतात, आणि तसं झालं तर डोकेदुखी-उलट्या-पेंग हीच लक्षणं परत येतात.

किड्याची गाठ आणि पोटातलं बाळ

मेंदूतल्या गाठीचा विषय निघाला की ‘पत्ताकोबी खाल्ली की मेंदूत किडा जातो’ हे खान्देशात घरोघर ऐकू येतं. कोबीत दिसणाऱ्या हिरव्या अळीचा याच्याशी काही संबंध नाही. डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी ज्याच्या आतड्यात आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती सांडपाण्यातून भाजीवर किंवा न धुतलेल्या हातांवरून अन्नात येतात. ती पोटात गेली की त्यातल्या अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन पिशव्या करतात. म्हणून शुद्ध शाकाहारी घरातही हा आजार होतो. मळ्यातल्या भरीत पार्टीत कांद्याची पात आणि मुळे नुसते झटकून ताटात येतात, तिथे खरी काळजी घ्यावी. वाहत्या स्वच्छ पाण्यात चोळून धुवा. शिजवलेली कोबी बिनधास्त खा.

या पिशव्या बहुतेक मेंदूच्या मांसल भागात असतात आणि फिट आणतात. पण काही पोकळ्यांत, विशेषतः चौथ्या पोकळीत तरंगतात, आणि डोकं एकदम फिरवताच वाट बंद होऊन भोवळ, उलटी, बेशुद्धी असा झटका येतो. इथे एक चूक जिवावर बेतू शकते. जंताची गोळी म्हणून अल्बेंडाझोल आपल्याकडे सर्रास मिळते. पोकळीतल्या पिशवीवर ती मनाने घेतली तर पिशवी मरताना सूज येते आणि उरलेली वाटही बंद होऊ शकते. शक्य असेल तिथे अशी पिशवी दुर्बिणीने काढतात. औषध कधी आणि कोणत्या संरक्षणाखाली द्यायचं हे तज्ज्ञच ठरवतात.

गरोदर बाईच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘कोरॉइड प्लेक्सस सिस्ट’ लिहून आलं, की घरात रडारड होते. ही वेगळीच गोष्ट आहे. बाळाचे बाकी सगळे अवयव नीट असतील तर या सिस्ट बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत विरून जातात आणि बाळाच्या बुद्धीला काही होत नाही. सोबत हृदयात किंवा हातात दोष दिसला तरच गुणसूत्रांची तपासणी महत्त्वाची ठरते.

पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यात धुळे होतं. जळगावसह उरलेले जिल्हे पुढच्या वर्षी आले. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड चालतं. मेंदूची शस्त्रक्रिया त्यात येते, पण रुग्णालय योजनेत असणं आणि ते न्यूरोसर्जरीसाठी योजनेत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारातल्या आरोग्यमित्राला नेमकं हेच विचारा किंवा 155388 वर फोन करा. तातडीच्या वेळी आधी भरती करून कागद नंतर देता येतात. योजनेत न बसणाऱ्यांनी धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटांची चौकशी करावी. गरिबांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या. ऐन वेळी तिथेच गाडी अडते.

तुमच्या कपाटात असा रिपोर्ट पडून असेल तर तो बाहेर काढा. गाठ किती मिलिमीटरची आहे, पोकळ्या फुगलेल्या आहेत का आणि पुढचा एमआरआय कोणत्या महिन्यात करायचा, एवढं न्यूरोसर्जनकडून त्याच कागदावर लिहून घ्या. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि शेजारच्या एका माणसालाही सांगून ठेवा, कारण बेशुद्ध पडलेला माणूस स्वतःचा आजार सांगू शकत नाही.